वहीत नाय ता मोकळा : एका रापणीचा प्रकरण अभ्यास

वाव म्हणजे दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंतचं अंतर. साधारण सहा फूट. मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर दोर वावाने मोजतात, पाण्याची खोलीही वावानेच सांगतात. 12 एप्रिल 2020 च्या रविवारी संध्याकाळी माझे थोरले काका पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, बसून रापणीच्या जाळ्याच्या दोराला वावा-वावावर लाल चिंधी बांधत होते. टाळेबंदी लागून 18 दिवस झाले होते. माणसामाणसांत अंतर ठेवा, असं टीव्ही, फोनची कॉलर ट्यून आणि पोलीस पाटील, तिघेही सांगत होते. पण 40 माणसं खांद्याला खांदा लावून ओढतात त्या दोरावर ते अंतर ठेवायचं कसं, हे कुणी सांगत नव्हतं. काकांनी चिंध्या बांधून संपवल्या आणि म्हणाले, "आता चिंधी धरूची. दोन चिंधयांच्या मधी कोणी हात लावूचो नाय."

हे टिपण त्या दोराबद्दल आहे, आणि त्याच संध्याकाळी सुरू झालेल्या एका 200 पानी वहीबद्दल. गावाचं आणि रापणीच्या संघाचं नाव लिहीत नाही. यातल्या एका माणसाला आम्ही दुखावलं आहे आणि त्याची ओळख उघडी करण्याचा मला हक्क नाही. मी शेजारच्या तालुक्यात शिक्षक आहे. मार्चच्या मध्यात शाळा बंद झाल्यावर घरी आलो, आणि अक्षर बरं म्हणून वही माझ्या हातात दिली गेली. म्हणजे जे घडलं त्यात मी बघ्या नव्हतो, हेही आधीच सांगायला हवं.

रापण आणि तिचे तोंडी नियम

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं जाळं. होडीतून ते अर्धगोल टाकत नेतात, दोन्ही टोकांचे दोर पुळणीवर आणतात आणि दोन रांगा करून माणसं ओढायला लागतात. पाण्याची ओढ कुठल्या बाजूला आहे ते बघून रांगा हळूहळू सरकतात, एकमेकींच्या जवळ येतात, आणि शेवटी मधली पिशवी गुडघाभर पाण्यात येते. तारली, बांगडा, सौंदाळे, कधी नशिबाने सरंगा, म्हणजे पापलेट.

हे जाळं एकाच्या मालकीचं नसतं. आमच्या रापणीत 42 घरांचे तुकडे एकत्र शिवलेले आहेत. मासळी आली की वाटे पडतात : जाळ्याचा वेगळा, होडीचा वेगळा, दोरीवरच्या हाताचा वेगळा. रस्त्याने जाणाऱ्या परक्या माणसाने दोरीला हात लावला तरी कालवणापुरते मासे त्याला मिळतात. पुळण एक आणि रापणी दोन, म्हणून एक दिवस त्यांची पाळी, एक दिवस आमची. मासे दिसूनही पाळीवाल्यांनी जाळं टाकलं नाही, तर दुपारनंतर दुसऱ्यांना मोकळीक.

अशी पाळीपद्धत फक्त आमचीच नाही. तुर्कस्तानात आलान्या नावाच्या बंदरावर सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मच्छीमारांची इतकी भांडणं होऊ लागली की त्यांनी स्वतःच एक रीत बसवली. दर सप्टेंबरात मच्छीमारांची यादी करायची, मासेमारीच्या जागांना नावं द्यायची आणि चिठ्ठ्या टाकायच्या. मग जानेवारीपर्यंत प्रत्येकाने रोज एक जागा पूर्वेकडे सरकायचं, जानेवारीनंतर मेपर्यंत रोज एक जागा पश्चिमेकडे. मासळी सरकते तशी संधीही सगळ्यांच्या दारावरून जाते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी अशा अनेक रीती अभ्यासल्या आणि 2009 मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. सामाईक मालमत्ता एक तर सरकारने सांभाळावी नाहीतर खासगी मालकाने, नाहीतर ती ओरबाडली जाणारच, असं तोवर मानलं जाई. लोक स्वतः नियम करून ती पिढ्यानपिढ्या सांभाळू शकतात, हे त्यांनी उदाहरणांनी दाखवलं. त्यांचं काम मी पुढे, त्या उन्हाळ्यानंतर वाचलं. वाचताना आलान्याच्या जागी मला आमची पुळणच दिसत होती.

आमच्याकडे मात्र हे सगळं तोंडी होतं. तोंडी नियमाला एक मोठी अडचण असते : तो नेहमीच्या दिवसांसाठी असतो. वादळ, आजार, लढाई यांत काय करायचं ते आजोबांना ठाऊक असेलही, पण आजोबा आता नाहीत.

अठरा दिवस

22 मार्चला जनता कर्फ्यू झाला आणि 25 पासून सगळं थांबलं. मासेमारी चालू आहे की बंद, हे पहिले दोन आठवडे आमच्या गावात कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं. पोलीस पाटील म्हणायचे, वरून काही आलेलं नाही. व्हॉट्सअॅपवर रोज नवा कागद यायचा, त्यातला अर्धा दुसऱ्या राज्याचा निघायचा. बर्फ मिळत नव्हता, मालवण बंदरातला लिलाव बंद, ट्रक बंद. समोर समुद्र होता, त्यात मासळी होती, आणि घराघरात उकडीच्या तांदळाबरोबर लोणचं.

त्या दिवसांतली एक गोष्ट मला आजही खुपते. नियम स्पष्ट नव्हता, तेव्हा सगळे सारखेच अडलेले असतील असं कुणालाही वाटेल. तसं झालं नाही. ज्यांची वरपर्यंत ओळख होती ते रात्री पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, घेऊन खाडीच्या तोंडाशी जात होते. ज्यांच्या घरासमोरून गस्तीची गाडी जात नाही तेही जात होते. बाकीचे घरात बसून एकमेकांना फोन करत होते : जायचं का? तू जातोस का? तो गेला का? चाळिशीतली, पाण्यात वाढलेली माणसं लहान मुलासारखी परवानगी मागत होती, आणि परवानगी देणारा कुणीच नव्हता. दोन घरांत याच कारणाने कडाक्याचं भांडण झालं. नियम नसलेल्या काळात मोकळीक धिटाईच्या आणि वशिल्याच्या वाट्याला जाते, हे मी डोळ्यांनी बघितलं. धाकट्या बायकांच्या, एकट्या म्हाताऱ्यांच्या, कायद्याला मनापासून मानणाऱ्या माणसांच्या वाट्याला फक्त भीती आली.

10 एप्रिलला केंद्रीय गृह मंत्रालयाने सागरी मासेमारीला टाळेबंदीतून सूट दिली. अंतर आणि स्वच्छता पाळण्याच्या अटीवर. बातमी आमच्याकडे दुसऱ्या दिवशी पोचली. तिसऱ्या दिवशी बैठक.

बैठक आणि वही

पुळणीवर लांब लांब बसून 11 जण. एका ज्येष्ठांनी सुचवलं की रोज पहाटे एकाने ठरवावं आणि सगळ्यांनी ऐकावं. अडचणीच्या काळात एकच आवाज बरा. बऱ्याच जणांना ते पटलं होतं, आणि तो एक आवाज काकांचाच असणार हेही उघड होतं. काकांनी नकार दिला. "मी दुखण्यान पडलंय तर? मगे तुमी परत फोन करीत बसतलास."

मी आदल्या रात्री बसून 19 नियम लिहून नेले होते. हात किती वेळा धुवायचे इथपासून बिडी कुणी कुठे ओढायची इथपर्यंत. काकांनी कागद वाचून घेतला आणि एकेका नियमावर तोच एक प्रश्न विचारला : "हो नियम नसलो तर उद्या पहाटे पुळणीवर झगडो जातलो काय?" होणार नसेल तर खोडायचा. उरले सात. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. आज मी शाळेत कुठलीही सूचना काढताना हाच प्रश्न स्वतःला विचारतो.

दोरावर प्रत्येक बाजूला 12 माणसं, चिंधीला एक. म्हणून 42 घरांच्या दोन टोळ्या झाल्या. आपल्या पाळीच्या दिवशी आलटून पालटून एक टोळी ओढणार. पण एका टोळीला तारलीचा थवा मिळाला आणि दुसरीला रिकामं जाळं आलं तर? म्हणून दोन ओढींची मासळी हिशेबात जोडायची आणि वाटे सगळ्यांचे सारखे. दिवसाला एकच ओढ, कारण बर्फ नाही. पिशवी गुडघाभर पाण्यात असतानाच हाताच्या पंजापेक्षा लहान सरंगा परत सोडायचा. टाळेबंदीशी याचा संबंध नव्हता, पण बरीच वर्षं सगळे बोलत होते आणि कुणी लिहीत नव्हतं, ते लिहून टाकलं. (पुढे 2023 मध्ये राज्य शासनाने 54 जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेटला, म्हणजे आमच्या सरंग्याला, 135 मिलिमीटर. आमचा पंजा त्याहून थोडा मोठाच भरतो.)

ताप आला तर घरी राहायचं, आणि 14 दिवस वाटा चालू राहील. दाखला मागायचा नाही. मुंबईहून कुणी आलं तर 14 दिवस शाळेत, नंतर दोरीला हात लावता येईल, दोरीचा वाटा मिळेल. बंदरात बावटा, म्हणजे वादळाच्या इशाऱ्याचं निशाण, लागला की जाळं आणि होडी सुरूच्या बनापर्यंत वर. जो पहिला पोचेल त्याने हाक मारायची, कुणाला विचारत बसायचं नाही.

सातही नियमांखाली काकांनी दोन ओळी घालायला लावल्या. पहिली : हे सगळं बुद्ध पौर्णिमेपर्यंत, म्हणजे 7 मेपर्यंत, त्यानंतर पुन्हा बसून ठरवल्याशिवाय यातलं काहीही लागू नाही. दुसरी त्यांनी बोलून दाखवली तशीच मी लिहिली : वहीत नाय ता मोकळा.

या दुसऱ्या ओळीवरून मी त्यांच्याशी वाद घातला होता. अडचणीच्या काळात उलट हवं, वहीत जे आहे तेवढंच करायचं, असं माझं म्हणणं. काका म्हणाले की तसं लिहिलं तर माणसं दर घटकेला वही घेऊन येतील, आणि जे वहीत नाही ते चोरून करतील. कुंपण दिसायला हवं. मग आतल्या मोकळ्या जागेत माणूस निवांत फिरतो. त्यांचं बरोबर होतं.

दोर, थवा आणि पहिली तक्रार

पहिल्या ओढीला दोर ओढायला जवळजवळ दुप्पट वेळ लागला. 24 माणसांत पाण्याची ओढ आवरेना, जाळं उत्तरेकडे वाहत गेलं. दुसऱ्या पाळीला होडीवाल्या पोरांनी आपणहून जाळं कमी वावांवर, किनाऱ्याजवळ टाकलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणाला विचारलंही नव्हतं. वहीत नव्हतं ते. मासळी कमी आली, पण माणसं पुरी पडली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तारलीचा मोठा थवा आला. सकाळी एक ओढ झाली, दुपारी पुन्हा पाणी काळं दिसायला लागलं. पोरं काकांकडे धावली. काकांनी मान वर न करता सांगितलं, "माका कित्याक इचारतास? वहीत काय असा ता वाचा." वहीत एकच ओढ होती. पाळी आमची असली तरी दुपारनंतर दुसऱ्या रापणीला मोकळीक होती. त्यांनी जाळं टाकलं, मासळी काढली आणि आजूबाजूच्या गावांत विकलीही. आमची पोरं पुळणीवर बसून बघत राहिली.

नियमाने त्या दिवशी आमचं नुकसान केलं, यात शंका नाही. त्या रात्री माझ्या घरी चार जण आले आणि वही फाडायची भाषा झाली. मी एवढंच दाखवलं की 7 मे दहा दिवसांवर आहे. ती तारीख लिहिलेली नसती तर वही त्या रात्री टिकली नसती, असं मला मनापासून वाटतं. संपणार आहे हे ठाऊक असलेला नियम माणूस सोसतो. कधी संपेल ते ठाऊक नसलेला नियम, कितीही बरा असला तरी, कोंडल्यासारखा वाटतो. त्या उन्हाळ्यात अख्खा देश तेच अनुभवत होता, टाळेबंदीची शेवटची तारीख 14 एप्रिल, मग 3 मे, मग 17 मे.

7 मेच्या बैठकीत तो नियम बदलला. किती ओढी करायच्या ते बायका ठरवतील.

बायकांची पुळण

याचं कारण सांगायला हवं, कारण या प्रकरणात सगळ्यांत सुंदर काम त्यांनी केलं आणि वहीत त्यातलं जवळजवळ काहीच नाही.

आमच्याकडे रापणीची मासळी पुळणीवरून बायकाच घेतात आणि डोक्यावरून विकतात. बाजार बंद झाल्यावर माझ्या काकीने आणि आणखी आठ जणींनी गावाच्या वाड्या आपसांत वाटून घेतल्या. एकीची वाडी ती एकीचीच. दुसऱ्या वाडीतल्या माणसाने हाक मारली तरी जायचं नाही, त्या वाडीच्या बाईला निरोप द्यायचा. त्या दिवसाचा दर पुळणीवर मोठ्याने सांगायचा, सगळ्यांना ऐकू जाईल असा, आणि तोच दर नऊ वाड्यांत. उधारी गणपतीपर्यंत. तीन नियम, कागद नाही, आणि एकदाही मोडले नाहीत.

पण आपापल्या वाडीत प्रत्येकीने काय करायचं ते तिचं तिने ठरवलं. त्या वर्षी काजूबियांना गिऱ्हाईक नव्हतं, हापूसच्या पेट्या घरात पिकत होत्या, रोकड कुणाच्याच हातात नव्हती. काकी बांगड्यांच्या बदल्यात तांदूळ घेऊन यायची, आमसुलं घ्यायची, एकदा तर कोंबडी घेऊन आली. दुसरी एक जण फक्त रोख घ्यायची, पण म्हाताऱ्यांची मासळी साफ करून द्यायची. तिसरी संध्याकाळीच फोन करून उद्या कुणाला काय हवं ते लिहून घ्यायची. एका वाडीत किती मासळी खपेल याचा अंदाज पुळणीवरच्या कुठल्याही पुरुषापेक्षा या नऊ जणींना पक्का होता. मग दुसरी ओढ करायची की नाही हे आम्ही का ठरवत होतो? हा प्रश्न 7 मेला काकीनेच विचारला. बैठकीला बायका त्या दिवशी पहिल्यांदा बसल्या होत्या, तेही दराच्या कामासाठी बोलावलं म्हणून.

ताप

तापाच्या नियमावर सगळ्यांत जास्त शंका होती. दाखला न मागता 14 दिवस वाटा म्हणजे फुकट खायला आमंत्रण, असं बैठकीतच दोघांनी म्हटलं होतं. घडलं असं की पहिल्या आठवड्यात एक तरुण मुलगा पहाटे लांबूनच ओरडून म्हणाला, रात्री अंग कढत होतं, मी येत नाही. काका म्हणाले, "रव घराक. वाटो खंय जाणा नाय." साधा ताप होता, चार दिवसांत उतरला. पण त्याने तो लपवला नाही. वाटा जाणार असता तर त्याने गोळी घेऊन दोर धरला असता. घरी तीन लहान भावंडं आहेत.

पुढे आणखी दोघे घरी राहिले. त्यातल्या एकाला रात्री खाडीत पाग टाकताना पाहिलं गेलं. पुळणीवर चिडीचूप. दंड किती, यावर मी वही उघडली तर दंड लिहिलेलाच नव्हता. काकांनी सगळ्यांसमोर त्याला तो नियम वाचून दाखवायला लावला, बस. त्याने तीन दिवसांचे मासे आपणहून परत पुळणीवर आणून ठेवले. ऑस्ट्रॉम यांनी टिकून राहिलेल्या रीतींत जी समान लक्षणं नोंदवली, त्यांत एक आहे : पहिल्या चुकीला सौम्य शिक्षा, चूक वाढेल तशी शिक्षा वाढणारी. काकांनी त्यांचं नावही ऐकलेलं नाही. काकांचं कारण सोपं होतं : त्या माणसासोबत अजून 30 वर्षं दोर ओढायचा आहे.

जो दुखावला

मेमध्ये चाकरमानी यायला लागले. ई-पास काढून, मिळेल त्या गाडीने, काही कुठून कुठपर्यंत चालत. शाळेच्या वर्गांत गाद्या पडल्या. त्यांच्यात माझा एक चुलत भाऊ होता. 14 दिवस त्याने शाळेत काढले, तक्रार न करता. बाहेर आल्यावर पहाटे पुळणीवर आला, चिंधी धरली, ओढ पूर्ण केली. वाटे पडताना त्याच्यासमोर फक्त दोरीचा वाटा ठेवला गेला.

तो म्हणाला, "माझ्या बापाशीचा जाळा असा ह्या रापणीत."

आणि ते खरं होतं. 42 तुकड्यांतला एक त्याच्या वडिलांचा. ते वारल्यावर घर बंद होतं, जाळ्याचा वाटा संघाच्या डब्यात जमा होत होता. एप्रिलात नियम लिहिताना आमच्या मनात 'मुंबईहून येणारा' म्हणजे पाहुणा होता. तो वाक्यप्रयोग माझा होता. भागीदार मुंबईहून येऊ शकतो, हे 11 जणांपैकी एकालाही सुचलं नाही. वाटे करणाऱ्याने वहीकडे बोट दाखवलं, मी वही लिहिणारा म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी म्हणालो की पुढच्या पौर्णिमेला बदलू.

ही माझी चूक. नियम चुकीचा आहे हे सगळ्यांना दिसत असताना मी तारखेच्या मागे लपलो. ज्या तारखेने महिन्याभरापूर्वी वही वाचवली होती, तीच मी माणसाला अडवायला वापरली. पुढची पौर्णिमा म्हणजे 5 जूनची वटपौर्णिमा, आणि त्याआधीच मेअखेरीस नेहमीप्रमाणे जाळं मांगरात गेलं. 3 जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, आमच्याकडे समुद्र दोन दिवस खवळलेला होता. वटपौर्णिमेला बैठक झाली, नियम बदलला, त्याचा अडकलेला वाटाही हिशेबाने दिला. पण हंगाम संपला होता. त्याने पैसे घेतले आणि गप्प राहिला. पुन्हा तो दोरीवर आला नाही. दर वर्षी जाळ्याच्या डागडुजीचे पैसे मुंबईहून वेळेवर पाठवतो.

ज्यांच्यावर नियम लागणार त्यांना तो करताना बसायला जागा हवी, हे मी आता सहज लिहून जातो. शाळेच्या वर्गात फोन होता. 12 एप्रिलला हे चाकरमानी मुंबईत होते, त्यांच्याकडेही फोन होते. आम्ही एक फोन लावला असता तर पुरलं असतं.

बावटा

वहीतला सातवा नियम वर्षभर कुणाला आठवलाही नव्हता. 2021 च्या मेमध्ये अरबी समुद्रात तौक्ते तयार झालं. 14 मेच्या संध्याकाळी बंदरात बावटा लागल्याचं कळलं, तेव्हा काका दुखण्याने अंथरुणाला खिळलेले होते आणि संघाचे दोन जाणते ओरोसला रुग्णालयात. पुळणीवर पहिला पोचला तो 19 वर्षांचा एक मुलगा, होडीवर तीनच हंगाम झालेला. त्याने हाक मारली, "बावटो लागलो, जाळा वर काढा!" आणि माणसं आली. कुणी विचारलं नाही की तू कोण सांगणारा. अंधार पडायच्या आत जाळं, दोर आणि होडी सुरूच्या बनात.

16 मेला वादळ आमच्या किनाऱ्यासमोरून उत्तरेला गेलं. पाणी पुळण ओलांडून बनाच्या मुळांपर्यंत आलं. माडांची पडझड झाली, वीज कित्येक दिवस नव्हती. जाळं वाचलं.

त्या मुलाला नंतर मी विचारलं की भीती नाही वाटली का, वादळ वळलं असतं तर एवढी मेहनत फुकट गेली म्हणून लोक बोलले असते. तो म्हणाला, "माझा काय ता? वहीत होता." निर्णयाचं ओझं वहीने उचललं होतं, त्याने फक्त धाव घेतली.

वहीच्या पलीकडे

एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे, कारण स्वनियमनाचं कौतुक करताना ती सुटते. आमच्या वहीची हद्द आमच्या पुळणीपुरती. समोर 12 सागरी मैलांच्या आत पर्ससीनचं, म्हणजे अख्ख्या थव्याला वेढून खालून आवळायचं, जाळं पडलं तर काकांची वही काही करू शकत नाही. त्यासाठी 1981 चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, पर्ससीनवर मर्यादा घालणारा 5 फेब्रुवारी 2016 चा शासन आदेश आहे, एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर 2017 मधली केंद्राची बंदी आहे, 2021 च्या दुरुस्तीने वाढलेले दंड आहेत. कागद चांगला आहे. पण तो पाण्यावर दिसायला गस्तीची नौका लागते. सरकारचा नियम आणि गावाचा नियम यांपैकी एक निवडा असं कुणी म्हणालं, तर मी दोन्ही मागेन. आम्ही लहान सरंगा परत सोडायचा आणि चार मैलांवर कुणी थवाच्या थवा उचलायचा, हे फार काळ चालत नाही. पोरं विचारतात, आणि त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर नसतं.

वही अजून आहे. सातातले तीन नियम खोडलेले : दोन टोळ्या, चिंधीचं अंतर, 14 दिवस शाळा. चिंध्या मात्र दोरावरच राहिल्या. ओढताना किती वाव आत आलं ते मोजायला सोयीच्या पडतात. तापाचा नियम कायम आहे, त्यात आता बायकांच्या आजारपणाचाही वाटा लिहिलाय. दर पौर्णिमेऐवजी वर्षातून दोनदा बसतो. बैठकीला नऊ बायका असतात.

सध्या नवा पेच आहे. पुळणीच्या दक्षिण टोकाला पर्यटकांच्या बोटी आणि पॅरासेलिंग सुरू झालंय. गेल्या हंगामात एका बोटीचा पंखा ओढीत असलेल्या दोरावरून गेला आणि दोर तुटला. बोट चालवणारा आमच्याच वाडीतला, त्याच्या आईचा तुकडा आमच्याच जाळ्यात. पहाट रापणीची आणि दुपार बोटींची, असं काही जण म्हणतात. थवा दुपारी आला तर काय, हे कुणाला सांगता येत नाही. नारळी पौर्णिमेला बैठक ठेवली आहे. बोटवाले येणार आहेत. बैठकीला फोनवर बसशील का, म्हणून मी मुंबईला चुलत भावाला विचारलं. बघतो म्हणाला.